पाटीची मागची बाजू

दगडावर अक्षरं कोरून घ्यायला आलेला माणूस आधी दर विचारतो, आणि आमचा दर अक्षरावर असतो. काना, मात्रा, वेलांटी धरून एक अक्षर, त्याचे इतके पैसे. त्यामुळे मजकुराचा कागद हातात आला की मी तो आधी मोजतो, मग वाचतो. साताऱ्यात वडिलांच्या दुकानात पंधराव्या वर्षी छिन्नी धरली, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. कोनशिला, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या, समाध्यांवरची नावं, बंगल्यांच्या पाट्या, सगळं केलं. त्यात एक पाटी अशी होती की तिचं अक्षर न् अक्षर मी गिरवलं, पण तिच्यावर काय लिहिलंय ते मला पंचवीस वर्षांनी कळलं.

१९८३ ची दिवाळी तोंडावर आली होती. एक कंत्राटदार टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेला दगड घेऊन आला. पांढरा संगमरवर, दोन फूट बाय दीड फूट, चांगला जाड, कडा शाबूत. तेव्हा असा दगड राजस्थानातून मागवायचा म्हणजे पैसेही लागायचे आणि दिवसही. एका इमारतीचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं आणि तिची पाटी याच दगडावर हवी होती. दगडाच्या एका बाजूला इंग्रजी अक्षरं होती. "ही घासून काढा," कंत्राटदार म्हणाला. दगड कुठला, असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं. "एका गावची जुनी चावडी पाडली, तिथला," एवढंच उत्तर मिळालं. अण्णांनी दगड पालथा घातला, पाठीवरून हात फिरवला. अक्षरं खोल होती, घासायला दोन दिवस गेले असते. त्यापेक्षा पाठ तासून गुळगुळीत करू, नवा मजकूर तिकडे घालू, जुनी बाजू भिंतीत जाईल, असं त्यांनी ठरवलं.

पाठ तासायच्या आधी त्यांनी मला एक काम सांगितलं. पातळ कागद अक्षरांवर ताणून धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासून छाप घ्यायचा. त्या दगडावरचं काम कुणा अव्वल कारागिराचं होतं. खाच दोन्ही बाजूंनी सारख्या उतरणीची, तळाशी एक सरळ रेघ, कुठे छिन्नी घसरलेली नाही. इंग्रजी अक्षरं शिकायची तर अशी, असं अण्णा म्हणाले. पुढे कित्येक महिने दुपारच्या रिकाम्या वेळी मी तो छाप कडाप्प्याच्या तुकड्यांवर गिरवत बसायचो. अक्षरं मला ओळखू यायची, पण शब्द जोडून अर्थ लावण्याइतकं इंग्रजी नव्हतं, आणि अर्थाची कुणाला गरजही वाटली नाही. मागच्या बाजूवर मी चार मान्यवरांची नावं कोरली. ती माझ्या हातची पहिली पूर्ण पाटी. इमारतीच्या दर्शनी भिंतीत सिमेंटने ती बसवली तेव्हा अण्णांनी मला पेढे दिले होते.

२००८ साली कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून मंडळाची पोरं दुकानात आली. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढचा प्रकार त्यांना कमीपणा आणणारा आहे आणि त्यांनी तो मनापासून निस्तरला. चावडी रंगवताना रंगाऱ्याने भिंतीतली एक पांढरी पाटीही निळ्या ऑइलपेंटने रंगवून टाकली होती. गावातल्या निवृत्त सुभेदारांनी ते पाहिलं आणि पोरांना खडसावलं. पाटी साफ करून अक्षरांत पुन्हा काळा रंग भरून द्यायचा होता.

रंग काढायला मी लाकडाची पट्टी आणि थिनरमध्ये भिजवलेली चिंधी वापरतो. संगमरवरावर लोखंड लावलं की ओरखडा कायमचा. अर्ध्या तासात पहिली ओळ वर आली आणि माझा हात थांबला. त्या अक्षरांची वळणं माझ्या ओळखीची होती. ज्या छापावर मी हात बसवला तीच ओळ, त्याच क्रमाने, समोरच्या भिंतीतून वर येत होती. फरक फक्त आकड्यांचा. शाळेचे गुरुजी तिथेच उभे होते. त्यांना म्हटलं, एवढं वाचून दाखवा.

त्यांनी वाचलं आणि मराठीत सांगितलं : या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली. त्यांपैकी पाच जणांनी प्राण दिले.

घरी आल्यावर ट्रंक उघडली. छाप होता. घड्यांवर फाटलेला, पण आकडे स्वच्छ. गेलेली माणसं ३१, मेलेली ६. काही पाट्यांवर माथ्याला गावाचं नाव कोरलेलं असतं, हे मला नंतर कळलं. हिच्यावर ते नव्हतं. तिच्यावर नुसतं 'या गावातून' होतं. इंग्रजीत चार अक्षरं, मराठीत एकच, 'या'. त्या एका अक्षरावर सगळी पाटी उभी होती. दगड चावडीत होता तोवर त्या अक्षराला अर्थ होता. चावडीतून निघून तो टेम्पोत चढला आणि ते गाव कुठलं हे सांगणारं काहीच उरलं नाही. त्यात माझाही हात होता.

या पाट्या पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने लावल्या. ज्या गावांनी पलटणीला माणसं दिली त्या गावांत, चावडीत, शाळेत, नाहीतर वेशीत. सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर या भागांत त्या आजही दिसतात. मजकूर ठरलेला, बदलायचे ते आकडे. लढाई थांबली नोव्हेंबर १९१८ मध्ये, मग पाटीवर १९१९ का, असं मला पोरं विचारतात. तह झाला जून १९१९ मध्ये, म्हणून. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर त्या युद्धात ४६ माणसं गमावून बसलं. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते त्यातूनच.

आमच्याकडची बरीचशी माणसं गेली मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. बगदादच्या दिशेने वर चढलेलं हे सैन्य मागे हटलं आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात अडकलं. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपलं. सोडवायला आलेल्या फौजांनाही पोचता आलं नाही. शेवटी सुमारे १३ हजार लोक शरण गेले, आणि त्यानंतर वाळवंटातून पायी नेताना त्यातले कितीतरी वाटेतच मेले. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'जर्मनची लढाई' असते, आणि तिच्या पाठोपाठ नाव येतं ते बसऱ्याचं. ज्याला साताऱ्याच्या पुढे कोल्हापूर माहीत नव्हतं त्या घराला बसरा माहीत असतो.

त्याच कोरेगावकडच्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर एक वीरगळ आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाने वीरगळ नीट पाहावा असा असतो. तळच्या चौकटीत वीर पडलेला, शेजारी गाई. वरच्या चौकटीत लढाई. त्यावर त्याला हाताला धरून वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालून वर वाचायचा दगड. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटानेही नाव कोरलेलं नाही. पण माणूस कशासाठी मेला ते त्याने सांगून ठेवलं : गुरं पळवून नेत होते, हा आडवा गेला. गावाला त्याचं नाव ठाऊक नाही, तरी दर अमावास्येला कुणीतरी नारळ फोडतं. चावडीतल्या पाटीला नाव नाही, चित्र नाही, कशासाठी गेला तेही नाही. शंभर वर्षांत तिला कुणी फूल वाहिलं नाही, आणि त्यात गावाचा दोष मला वाटत नाही. आकड्याला फूल कसं वाहणार?

नावं कोरायला जागा नव्हती असं म्हणावं, तर दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून जास्त नावं आहेत. आणि त्याच्या शंभर वर्षं आधी, भीमा-कोरेगावच्या जयस्तंभावर कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावं इंग्रजीत आणि मराठीत कोरली. मी तो खांब जवळून पाहिला आहे. २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महार शिपायांची. खांब उभारला कंपनीने, स्वतःच्या विजयासाठी. पण नावं होती म्हणून त्या माणसांच्या वंशजांना तिथे आपली माणसं सापडली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज लाखो लोक जातात. खांबावर नुसता '४९' हा आकडा असता तर कोण गेलं असतं?

बसऱ्याजवळच्या स्मारकाची हकिकत यापेक्षा कडू आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर नसलेल्या ४० हजारांहून जास्त सैनिकांचं ते स्मारक. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार संख्या लिहिली. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेलं गेलं. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली. चावडीतल्या पाटीवरचा '५' आणि बसऱ्याच्या भिंतीवरची संख्या यांच्यामध्ये आमची माणसं दोन्हीकडून बिननावाची राहिली.

चावडीतली ती पाटी साफ करून अक्षरांत काळा रंग भरून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि सुभेदारांना म्हटलं, ही पाच नावं शोधू या. काम चार वर्षं चाललं. मी दर पंधरा दिवसांनी रविवारी जायचो. सुभेदार, गुरुजी आणि मी, तिघं घरोघर बसायचो.

पदकं मिळतील असं आधी वाटलं होतं. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते, तेवढं मिळालं असतं तर काम झालं असतं. पण पदक चांदीचं, अडीनडीला सोनाराकडे मोडलेलं. तीन घरांत तेच ऐकलं. चौथ्या घरात एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "कागद-बिगद काय न्हाई पाव्हणं. आमच्या थोरल्या आज्यासासऱ्याचा भाऊ जर्मनच्या लढाईला गेला, त्यो आलाच न्हाई. त्येच्या बदल्यात सरकारनं देवी धाडली."

देवी म्हणजे काय ते कळेना. त्यांनी नातसुनेला देव्हाऱ्यातून आणायला सांगितलं. वीतभराहून लहान, कांस्याची गोल जड चकती. हळदी-कुंकवाने भरलेली. उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढे सिंह. ती ब्रिटानिया, इंग्रजांच्या देशाचं रूप. लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराने घडवलेली ही चकती युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवली होती, साडेतेरा लाखांच्या आसपास. पण त्रिशूळ आणि सिंह म्हटल्यावर आमच्या घरात तिला दुसरं कोण समजणार? सासूने सुनेच्या हाती द्यायची, दसऱ्याला धुवायची, असा शंभर वर्षांचा नेम.

मी परवानगी मागून उजव्या बाजूचं कुंकू ओल्या फडक्याने टिपलं. तिथे एक आडवी चौकट होती आणि चौकटीत उठावाची अक्षरं. चकतीवर हुद्दा घालायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. दगडावरच्या खोल अक्षरांना हात सरावलेला असतो, उठावाच्या अक्षरांवर बोट वेगळं फिरतं. मी एकेक अक्षर वाचत गेलो, गुरुजी ते जोडत गेले. नाव पुरं झालं तेव्हा आजींनी पदर डोक्यावर घेतला. "हे नाव आमच्यात कुणी घेतल्यालं मी ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या, "निस्तं 'लढाईतलं आजोबा' म्हनायचं." रोज सकाळी त्या ज्या ठिकाणी कुंकू लावत होत्या तिथेच ते नाव होतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. गावाचं नाव मी झाकून ठेवलंय, आणि गावाशिवाय त्यांचं नाव छापू नका, असं त्या घराचं म्हणणं. मला ते पटलं.

नाव हाती आल्यावर वाट सोपी झाली. कमिशनच्या यादीत आता हिंदी शिपायांचीही नावं शोधता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. फक्त गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे पाच-सहा प्रकारे लिहून बघावं लागतं. गुरुजींच्या एका माजी विद्यार्थ्याने रात्री जागून हे केलं. आणखी दोन नावं तशी मिळाली, आणि गावात त्या घरांशी ताडून पाहिल्यावर पक्की झाली. चौथं नाव बौद्धवस्तीतून आलं. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये सरकारने ती मोडली. त्या पलटणीत गेलेला एक जण परतला नाही, असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, पण पाटीवरच्या पाचांत आपलाही माणूस आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. यादीत त्याचं नाव दिसलं तेव्हा त्या घरातला थोरला मुलगा काही बोलला नाही, चावडीपर्यंत चालत गेला आणि पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

पाचवं नाव लागलं नाही.

खाली नवी पाटी बसवायचं ठरलं, आणि ग्रामसभेत दोन गोष्टींवरून वाद झाले. पहिला, नावांचा क्रम काय. कुणाला पाटलांचं घर आधी हवं होतं. सुभेदार उठले आणि म्हणाले, "मेल्यावर हजेरी अक्षराप्रमाणे." ते सगळ्यांनी ऐकलं. दुसरा वाद माझ्याशी. पाटीचा खर्च देणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरांत घाला असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. हयातभर मी देणगीदारांची नावं कोरून पोट भरलं, आणि त्या माणसाचा हेतूही वाईट नव्हता. पण ज्यांना शंभर वर्षं एक ओळ मिळाली नाही त्यांच्या दगडावर दुसऱ्या कुणाची ओळ येऊ नये. शेवटी खर्च मी आणि गुरुजींनी वाटून घेतला आणि तो वाद मिटला.

काळा ग्रॅनाइट घेतला, अक्षरं मशीनवर न पाडता हाताने कोरली. चार नावं, बापाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण. पाचव्या ओळीची जागा घासून सारखी करून मोकळी ठेवली आहे. तिथे 'अज्ञात' लिहा असं काही जण म्हणाले. एकदा ते कोरलं की पुढे नाव सापडलं तरी घालता येणार नाही, म्हणून मी ते केलं नाही. जुनी पाटी आहे तिथेच आहे, नवी तिच्या खाली.

त्यानंतर मी अशा सात पाट्या साफ करून दिल्या. माझी एकच विनंती असते. पाटी हलवू नका. चावडी पाडावीच लागली तर नवी बांधताना ती पुन्हा त्याच जागी बसवा. तिच्यावर रंग लावू नका, पॉलिशपेपर मारू नका, 'नवीन करून' देतो म्हणणाऱ्या माझ्यासारख्या कारागिराच्या ताब्यात तर मुळीच देऊ नका. आणि घरात अशी कांस्याची चकती असेल तर उजव्या बाजूची चौकट पुसून तेवढं नाव वाचून घ्या.

माझ्या पहिल्या पाटीचं काम मात्र राहिलं आहे. ती इमारत उभी आहे, पाटीवरची चार नावं मी जाता-येता पाहतो. तिथल्या लोकांना दोनदा अर्ज दिला. मागे काय आहे ते सांगितलं. दुरुस्ती निघेल तेव्हा पाहू, असं उत्तर आलं. सिमेंटमधून संगमरवर काढताना तो तडकतो हे मला माहीत आहे, त्यामुळे मीही घाई करत नाही. काढलीच तर ती कुठे न्यायची, हे आधी कळायला हवं. त्या कंत्राटदाराला जाऊन खूप वर्षं झाली. १९८३ च्या आगेमागे जुन्या चावड्या पाडलेल्या गावांची मी चौकशी केली. दोन गावांत म्हाताऱ्यांना पांढरा दगड आठवतो, पण त्यावरचे आकडे कुणाला आठवत नाहीत. मजकूर माझ्याकडे आहे, दगड भिंतीत आहे, गाव सापडत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गावची चावडी त्या सुमाराला पाडली असेल, तिच्यात अशी पाटी असल्याचं घरात कुणी बोललं असेल, शाळेच्या जुन्या फोटोत, पाटलाच्या वहीत किंवा कुणाच्या आठवणीत ३१ आणि ६ हे आकडे असतील, तर या मासिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. छाप घेऊन मी येईन.